किडकं पान मागणाऱ्या बाई

मिरानबाई मराठीतला पहिला शब्द शिकल्या तो 'खोटं'. 'नमस्कार' आणि 'केवढ्याला' हे नंतर आले. बुधवारच्या बाजारात त्या पाटीपुढे उकिडव्या बसत, मेथीची जुडी उचलत, देठाच्या कापलेल्या टोकावर अंगठ्याचं नख दाबत आणि विचारत, "कधी?"

"आत्ता काढली बाई. अजून दहिवर हाय बघा तिच्यावर."

मिरानबाई जुडी झटकत. दहिवर म्हणून दाखवलेलं हातपंपाचं पाणी विकणारीच्या लुगड्यावर उडे. मग त्या देठाचं वाळलेलं टोक तिच्या डोळ्यांपुढे धरत आणि म्हणत, "खोटं."

आवाज चढलेला नसे, चेहऱ्यावर रागही नसे. जुडी होती तशी ठेवून त्या पुढच्या पाटीकडे सरकत.

त्या कोरियाच्या. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका परदेशी कंपनीचा कारखाना आहे, तिथल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. राहायला नगरला, बंगल्यात. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, कपाळावर काळ्या टोपीची सुपाएवढी झापड, मनगटापासून कोपरापर्यंत फुलाफुलांच्या कापडी बाह्या आणि हातात प्लास्टिकची जाळीदार टोपली. साहेबांच्या घरी पुण्याहून भाजी येई, हे त्यांचा ड्रायव्हर बबन आम्हाला सांगायचा. धुतलेली, निवडलेली, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. मिरानबाई तिला 'मेलेली भाजी' म्हणत. म्हणून नगरहून आमच्या गावापर्यंत गाडी पळवत, आणि तीही उजाडता उजाडता, कारण "ऊन लई. पान दुपारी मरतं."

आमचं घर बाजारतळाच्या कडेला आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, सायकली दुरुस्त करतात आणि पत्रकं छापतात. त्यांना विचाराल तर ते हा क्रम उलटा सांगतील. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. पाठीमागे कधी पाणीवाटपाची मागणी असे, कधी दारूबंदीची, कधी हमालांच्या मजुरीची. माझं नाव क्रांती ठेवलं, यावरून काय ते ओळखा. आमच्या घरी संशय हा सद्गुण मानला जातो. कुणी काही फुकट देऊ लागलं की अण्णा आधी देणाऱ्याचं तोंड बघायचे, मग वस्तू.

तेव्हा कारखान्याच्या साहेबाची बायको आमच्या बाजारात उकिडवी बसून मेथी हुंगते आहे, हे पाहून मला कौतुक वगैरे अजिबात वाटलं नाही. वसाहतीचा पुढचा टप्पा येणार, खालच्या अंगाच्या जमिनी जाणार, अशी कुजबुज तेव्हा गावात होती. बाई भाजी बघते, मग विचारते "शेत कुठे?", मग मोबाईलवर फोटो काढते. मला त्यात मोजणी दिसली. मी एकदा तिच्या मागोमाग शेतांकडे जाणाऱ्या पांदीपर्यंत गेले. बांधावर उभी राहून तिने बरेच फोटो काढले. मी खाकरले, तर तिने लगेच मोबाईल माझ्यापुढे धरला. सगळे फोटो एकाच अळीचे होते.

त्याने माझा संशय गेला असं समजू नका. अळीच्या मागे शेत दिसत होतं.

आमच्या ओट्याच्या पायरीवर कौसामावशी बसायची. नात्याची नाही, पण मला आठवतं तेव्हापासूनची. पालक, शेपू, चुका, राजगिरा, ओढ्याकाठच्या तिच्या वावरातला सगळा पाला. बाजारात तिचा एक रुबाब होता: मी फवारत न्हाई, ही तिची एवढी एकच जाहिरात. नवरा फवारणीच्या वासाने एकदा वावरातच आडवा झाला होता, तेव्हाच पंप तिने विकून टाकला होता. लोक तिच्या शब्दावर पालक घ्यायचे. ती जुडी सोडून दाखवायची नाही, आणि कुणी दाखव म्हणायचंही नाही.

मिरानबाईंचा आणि तिचा पहिला सामना भवानीच्या वेळी झाला. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. त्या गिऱ्हाइकाने माल हाताळून तसंच उठून जाऊ नये, गेलं तर दिवस वाया जातो, असं बाजार मानतो. मिरानबाई दर बुधवारी सगळ्यांच्या आधी येत आणि दर बुधवारी सगळ्यांची भवानी मोडत. एका बुधवारी त्या कौसामावशीचा शेपू हुंगून उठल्या, तसा मावशीने त्यांचा फुलाफुलांच्या बाहीचा हात धरला.

"ओ बाई! हुंगायचं, दाबायचं, आन् निघायचं? हे काय अत्तराचं दुकान हाय व्हय? काहीतरी घ्या, न्हाईतर मला ऊन डोक्यावर येस्तोवर इथंच बसावं लागंल."

मिरानबाईंना शब्द कळले नाहीत, हात कळला. बबन धावत आला. त्याने खाणाखुणा करून, मोडक्या इंग्रजीत त्यांना भवानी समजावली आणि वर आपला सल्ला दिला: काही नको असेल तर मॅडम, एक लिंबू घ्यायचं.

बबनचा सल्ला मिरानबाईंनी फारच मनावर घेतला. पुढच्या बुधवारपासून ज्या ज्या पाटीला त्यांनी हात लावला आणि माल नापसंत केला, तिथे तिथे त्या एक लिंबू घेऊ लागल्या. ज्यांच्याकडे लिंबं नव्हती ते ठेवू लागले. पाहता पाहता बाजाराला खूण कळली. मिरानबाईंनी भाजी घेतली तर भाजी पास, लिंबू घेतलं तर नापास. पोपट नावाचा एक वांगीवाला तर इतक्यांदा नापास झाला, की तो त्यांना लांबून येताना बघूनच लिंबू हातात धरून उभा राही.

मग आली अमावास्या, नेमकी बुधवारी. परदेशी बाई, काळी झापड, उजाडायच्या वेळी प्रत्येकाकडून एकेक लिंबू. पोपटनेच तोंड उघडलं.

"मी काय म्हनतो, ह्या लिंबांचं करते काय ती? सरबत? एवढ्या लिंबांत लग्नाची पंगत उठंल! करणीच हाय ही. माझी म्हस आटली तवापासून."

"तुझी म्हैस भाकड आहे," अण्णा आतून ओरडले.

त्या आठवड्यात आमच्या घरातून लिंबावर पत्रक निघालं. लिंबात आम्ल असतं, सामर्थ्य नसतं, असं त्यात मी लिहिलं होतं. लोकांनी ते वाचलं आणि त्यात भजी खाल्ली. संशय मिटवला तो मिरानबाईंनीच. त्या एक मोठी बरणी घेऊन आल्या. बाजारात घेतलेल्या त्याच लिंबांच्या, साखरेत मुरवलेल्या चकत्या. कागदी पेल्यांत चमचा चमचा घालून वर पाणी ओतून त्या एकेकीपुढे धरू लागल्या. एकही हात पुढे येईना. शेवटी कौसामावशीने पेला घेतला, मिरानबाईंच्याच तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "आधी तुमी."

मिरानबाईंनी मावशीकडे नीट पाहिलं. मग मान हलवली, शिष्याने बरोबर उत्तर दिल्यावर मास्तर हलवतात तशी, आणि अर्धा पेला पिऊन उरलेला परत दिला. मावशीने तो संपवला. त्या दोघींची मैत्री झाली असेल तर ती तिथे. दोघींचाही जगावर विश्वास नव्हता, आणि दोघींनाही दुसरीचं हे पटलं होतं.

त्यानंतर मिरानबाई आमच्या ओट्यावर टेकू लागल्या. मराठी त्यांनी बाजारातून उचललं, त्यामुळे ते बाजारासारखंच होतं. 'न्हाई', 'लई', 'हुतं'. नगरच्या बंगल्यात कुणी त्यांना पुस्तकातलं मराठी शिकवायला येत होतं, ते त्यांनी बंद केलं. "ती बाई बोलते तसं कोण भाजी देत न्हाई," असं कारण मला सांगितलं. लहानपण खेड्यात, कोबी-मुळ्याच्या शेतात गेलेलं. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीबरोबर शहरं, मग याआधी असाच एक गरम देश. "नवा देश. आधी बाजार. मग घर," असं त्या म्हणत. त्या गरम देशात पहिलं वर्ष त्यांनी भाजी शोधण्यातच घालवलं होतं. इथली घोळीची भाजी पाहून त्या हरखल्या होत्या. त्यांच्याकडे हीच भाजी खातात. तांदुळजासुद्धा. आम्ही खुरपून बांधावर फेकतो ते तण त्या टोपलीत भरत. मात्र पान उलटं करून पाहिल्याशिवाय नाही.

कारण त्यांना किडा हवा असे.

हे बाजाराला सगळ्यात उशिरा कळलं. बायका पहाटे उठून कुरतडलेली पानं खुडून टाकत, जुडी देखणी करत, आणि ही बाई देखणी जुडी बाजूला सारून खाली टाकलेला पाला चाळत बसे. "किडा खातो. मग मी खाते. किडा न्हाई खात, मी कशाला?" असा त्यांचा साधा हिशेब. पानाच्या पाठीवर हिरवी अळी सापडली की मिरानबाई हसत. एरवी त्या हसत नसत. बबन म्हणायचा, साहेबांच्या वाढदिवसालाही हसल्या नाहीत. पण अळी दिसली की डोळे मिटून जात, खांदे हलत, आणि तोंडावर हात धरून त्या लहान मुलीसारख्या हसत सुटत. मग अळी अलगद पानासकट कडेला ठेवत आणि बाकीची सगळी पाटी उचलत.

किडकं पान खपतं म्हटल्यावर पोपटने वांगी सोडून कोबी धरला आणि मिरानबाईंपुढे पानापानाला भोकं असलेला गड्डा ठेवला. मिरानबाईंनी गड्डा फिरवला. भोकात करंगळी घातली. मग पोपटला विचारलं, "शी कुठे?"

"आं?"

"किडा जेवला. शी कुठे केली?"

पोपटच्या मागे त्याची मोडकी छत्री पडली होती. तिची एक काडी उपसलेली होती. बाजार इतका हसला की पोपट त्या दिवशी लिंबू द्यायलाही थांबला नाही.

हे सगळं मला मजेचं वाटत होतं, तोवर एका बुधवारी मिरानबाईंनी कौसामावशीकडून लिंबू घेतलं.

मावशीचा पालक त्या दिवशी तजेलदार होता. एकेक पान पंजाएवढं. मिरानबाईंनी पहिली जुडी सोडली, दुसरी सोडली, तिसरी. पानामागून पान उलटं केलं. मावशी आधी हसून बघत होती. मग तिचं हसू गेलं.

"मारलं?" मिरानबाईंनी फवाऱ्याची खूण करून विचारलं.

"म्या? तुमाला म्हाईत हाय की मी मारत न्हाई."

"किडा न्हाई. एक न्हाई."

"न्हाई तर न्हाई! मी काय किड्याला आवतन देऊ?"

मिरानबाईंनी पाटीकडे आणि मग मावशीकडे पाहिलं. त्यांनी कडेचं एक लिंबू उचललं आणि म्हणाल्या, "खोटं."

बाजारात हा शब्द त्यांनी सगळ्यांना ऐकवला होता. कुणाला लागला नव्हता. कौसामावशीच्या तोंडाचा रंग उडाला. तिने जुड्या गोळा केल्या, पदराने झाकल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या वावरात चला. पंप सापडला तर तुमच्या पायातली काढून माझ्या डोस्क्यात घाला."

मिरानबाई तिथल्या तिथे निघाल्या. मीही निघाले. खरं सांगायचं तर मला मावशीची काळजी कमी आणि मिरानबाईंवर नजर ठेवायची जास्त होती.

मावशीने घर उघडून दाखवलं, गोठा दाखवला, ज्वारीची कणगीसुद्धा. पंप नव्हता, बाटली नव्हती. मिरानबाई पालकाच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसल्या, ओल्या मातीत हात घातला, ढेकूळ फोडलं, गांडूळ शोधलं. नव्हतं. मग त्या ओढ्यावर गेल्या. पाण्याच्या कडेला बसून राहिल्या. बेडूक नाही, पाण्यावरून पळणारे किडे नाहीत, साधा डास नाही. मावशीची मोटर याच पाण्यात होती. विहीर वरच्या अंगाला, तिचं पाणी पिण्यापुरतं आणि कडेच्या लिंबाच्या झाडांपुरतं.

शेवटी त्या लिंबाच्या झाडांकडे गेल्या. कोवळ्या पानावर फुलपाखराची जाडजूड हिरवी अळी पान कुरतडत बसली होती. मिरानबाई हसल्या, पण हात तोंडाकडे जायच्या आधीच थांबल्या. त्यांनी अळीकडे पाहिलं, खालच्या वाफ्यांकडे पाहिलं. एकच शेत, एकच बाई.

"मावशी खोटं न्हाई," त्या म्हणाल्या. "पाणी खोटं."

आणि मला विचारलं, "पाणी कुठून?"

मी हात केला. ओढ्याच्या वरच्या अंगाला, माळापलीकडे, त्यांच्या नवऱ्याच्या कारखान्याचं निळं छप्पर उन्हात चमकत होतं. त्यांनी बराच वेळ तिकडे पाहिलं. मग त्या गाडीत बसल्या आणि काच वर केली.

पुढच्या बुधवारी त्या आल्या नाहीत. मी अण्णांना म्हणाले, बघा, ओळखलं होतं मी. छप्पर दिसलं आणि तोंड शिवलं. अण्णा चाकाचा आरा पिळत म्हणाले, "तोंड शिवलं तर शिवू दे. तुझे डोळे उघडेच आहेत ना?"

त्याच सुमाराला कंपनीने बाजारतळावर पत्र्याची शेड आणि सिमेंटची बाकं बांधून दिली. प्रत्येक बाकाच्या पाठीवर कंपनीचं नाव, म्हणजे टेकलेल्या माणसाच्या पाठीवर उमटेल इतकं मोठं. उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते. त्या दिवशी सकाळी मिरानबाई अचानक एकट्याच आल्या, पहिल्यासारख्या सगळ्यांच्या आधी. त्या कौसामावशीपुढे बसल्या आणि त्यांनी पालक घेतला. न उलटता, न हुंगता.

"पटलं का?" मावशीच्या आवाजात पाणी होतं. "म्हनलं हुतं की न्हाई?"

"मावशी, तू कर. भाजी, भाकरी. इथं. साहेब जेवणार."

मावशीने आमच्याच चुलीवर पालकाची पातळ भाजी केली, दाण्याचं कूट घातलं, लसणाची फोडणी दिली. बाजरीच्या भाकरी थापताना ती सगळ्या गल्लीला सांगत होती, कोण जेवायला येणार ते. माझ्या मनात काहीतरी खटकत होतं. पण काय, ते सांगता येत नव्हतं.

फीत कापून झाली. साहेब, सरपंच आणि दोन-चार पुढारी आमच्या ओट्यावर सतरंजीवर बसले. साहेब उंच, सडपातळ, अवघडून मांडी घातलेले. मिरानबाईंनी भाजीचं पातेलं स्वतःच्या हातात घेतलं. सरपंचाने वाटी पुढे केली, तर त्यांनी ती बाजूला सारली. एकच वाटी भरली आणि नवऱ्यापुढे ठेवली.

साहेबांनी हसून चमचा उचलला. तेव्हा मिरानबाई त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. शांतपणे, लांबलचक. त्या सगळ्यातला मला एकच शब्द कळला, कारण तो मराठी होता. ओढा. पाण्याच्या त्या धारेला त्यांच्याकडे दुसरं नाव नव्हतं.

चमचा तोंडाजवळ थांबला. साहेबांनी वाटीत पाहिलं. चमचा खाली आला आणि वाटीशेजारी नीट, सरळ ठेवला गेला. त्यांचे कान लाल झाले होते.

कौसामावशी भाकरी घेऊन उभी होती. तिला वाटलं, साहेबाला तिखट वाटतं की काय. "खावा साहेब," ती म्हणाली. "लाजू नका. आमी रोज खातो."

कुणी ते त्यांना समजावून सांगितलं नाही, तरी त्यांना ते कळलं असावं. त्यांनी मावशीच्या हाताकडे पाहिलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले.

दारातलं जेवण कुणी परत सारत नाही आमच्याकडे. सरपंच घाईने म्हणाले, "पथ्य असेल साहेबांचं. पथ्य असतं मोठ्या लोकांचं."

"पथ्य न्हाई," मिरानबाई म्हणाल्या. बाजारात म्हणत तशाच, चढ नसलेल्या आवाजात. "म्हाईत हाय."

मी त्या दुपारी आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्रक लिहिलं. त्यात एकच प्रश्न होता: साहेबांनी चमचा खाली का ठेवला? त्याखाली मागण्या होत्या, पण त्या कुणी वाचल्या नाहीत, प्रश्न सगळ्यांनी वाचला. त्यात भजी बांधली गेली नाहीत. लोक वसाहतीच्या फाटकावर गेले. सरकारी माणसं बाटल्यांत ओढ्याचं पाणी भरून घेऊन गेली. त्यात काय निघालं ते आजवर आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. कारखान्यातून ओढ्यात येणारी नळी पावसाच्या पाण्याची असल्याचं कंपनीने कळवलं आणि पावसाच्या पाण्याच्या त्या नळीचं तोंड सिमेंटने बुजवलं. आता ते पाणी कुठे जातं, हे मी अजून विचारते आहे.

आणि कौसामावशीचा पालक कुणी घेईना.

हे माझ्या कोणत्याच मागणीत नव्हतं. ओढ्याकाठची भाजी, एवढे शब्द पुरेसे झाले. तिने पाटी मांडायची आणि लोकांनी वळसा घालून जायचं. सगळं गाव तिला नापास करत होतं, आणि लिंबू घेण्याएवढीही रीत कुणी पाळत नव्हतं. एके दिवशी मिरानबाई आल्या तेव्हा मावशी उठून उभी राहिली.

"तुमचं भांडन नवऱ्याशी, ह्या क्रांतीचं कंपनीशी. पातेलं माझं का घेतलं? मला आधी सांगितलं असतं तर मी काय न्हाई म्हनले असते? माझ्याच हातानं करून घेतलं, आन् मला वाटलं, माझं कवतिक हाय."

मिरानबाईंना सगळं कळलं की नाही कोण जाणे. त्या पाटीपुढे उकिडव्या बसल्या आणि मान खाली घालून बसूनच राहिल्या. बाजार उठेपर्यंत. ऊन डोक्यावर आलं, झापडीखाली त्यांचा चेहरा लाल झाला, बबन दोनदा बोलवायला आला. मावशी त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. उठताना मिरानबाईंनी हात पुढे केला. मावशीने न बघता त्यावर लिंबू ठेवलं.

मी अण्णांना विचारलं, त्या नक्की कुणाच्या बाजूच्या? त्यांनी हे आपल्यासाठी केलं, की नवऱ्यावरचा राग काढला, की त्यांना फक्त भाजी हवी होती? अण्णा म्हणाले, "तिला आपल्या बाजूची म्हणून पत्रकात टाकू नकोस. ती भाजीच्या बाजूची."

पावसाळा गेला. ओढा दोनदा दुथडी वाहून गेला. मावशी वरच्या झाडांची लिंबं विकू लागली, आणि खालच्या वाफ्यांत तिने पुन्हा पालक टाकला. तो ती दर बुधवारी थोडा घेऊन येई. विकायला नाही. आमच्या पायरीवर बसून एकेक पान उलटं करून बघे, नखाने देठ दाबे, आणि बाजार भरायच्या आत झाकून ठेवी. पूर्वी तिच्या शब्दावर जुडी जायची. आता तिचा स्वतःच्याच शब्दावर विश्वास उरला नव्हता.

साहेबांची बदली झाल्याचं बबनने सांगितलं. बढती की शिक्षा, यावर गावात दोन तट पडले. जायच्या आधीच्या बुधवारी मिरानबाई आल्या. तीच झापड, त्याच बाह्या, टोपली मात्र नव्हती. त्या सरळ आमच्या ओट्याकडे आल्या. बाजारात अजून कुणाचीच विक्री झाली नव्हती. मावशीच्या पुढ्यात लिंबं होती आणि बाजूला ओल्या फडक्याखाली पालक. मिरानबाई बसल्या. फडक्याचा कोपरा उचलला. पानं मोठी, हिरवीगार, बिनभोकाची. अनोळखी माणसाने डोळे झाकून घेतली असती. त्यांनी हात पुढे केला.

कौसामावशीने फडकं परत ओढलं.

"हात लावू नका, बाई," ती म्हणाली. "अजून किडा आला न्हाई."

आणि तिने स्वतःहून एक लिंबू उचलून त्यांच्या हातात दिलं. चांगलं, पातळ सालीचं, निवडून.

मिरानबाईंनी पैसे दिले. भवानीचे म्हणून मावशीने ते कपाळाला लावले. मिरानबाईंनी लिंबू नाकाशी धरलं, मग मावशीचा हात धरला. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेला शब्द मी ऐकला.

"खरं," त्या म्हणाल्या.

गाडी निघाली. नगरचा रस्ता आमच्या ओट्यावरून ओढ्यावरच्या मोरीपर्यंत सरळ दिसतो. मोरीवर गाडी थांबली. दार उघडलं, मिरानबाई उतरल्या आणि कठड्याशी जाऊन पाण्यात वाकून पाहू लागल्या. बबनने हॉर्न वाजवला, तरी त्या हलल्या नाहीत.

मावशीला लांबचं दिसत नाही. तिने फडक्यावरचा हात न काढता मला विचारलं, "काय करतीया?"

"ओढ्यात बघतायत."

तिने फडक्याच्या कडा आत दुमडल्या.

"हसली का गं?"

मी कपाळावर हात धरून नीट पाहिलं.

"पाठमोऱ्या आहेत, मावशी. कळत नाही."